पोतं खाली ठेवायचं

हळदीच्या सौद्यांचे दिवस.
मार्केट यार्डात घड्याळ लागत नाही,
शिंकांवरून वेळ कळते.
मी अडत दुकानातली दिवाणजी.
बावीस वर्षं पट्ट्या लिहिते :
वजन, दर, तोलाई, हमाली, उचल, बाकी.
बाकी रात्री उशाशी येते.

डॉक्टर मगदुमांनी दंडावरचा पट्टा सोडला.
‘‘एकशे साठ. जरा स्वतःकडं बघा, आवटीबाई.’’
मी बघितलं, त्यांच्याच बेसिनवरच्या आरशात.
कानामागं हळद होती,
नवरीच्या असते तशी. वय एकोणपन्नास.

त्यांनी एक छापील कागद दिला.
दीर्घ श्वास. आठ तास झोप. एखादा छंद.
मी तो जीएसटीच्या फाईलीत लावला,
तिथं लावलेलं काही हरवत नाही
आणि आपणहून कुणी उघडतही नाही.

मग एका दुपारी इराण्णा.
वीस पोती टाकून झाली की तो बसतो
थप्पीच्या सावलीला, तळवे उताणे मांडीवर.
झोपत नाही, बोलत नाही, तंबाखूसुद्धा मळत नाही.
मी म्हटलं, ‘‘काय करतोस रे?’’
‘‘काय न्हाई की. बसलोय.’’
आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता,
‘‘आक्का, पोतं मी हितं टाकून जातो.
तुमी घरी न्हेताय रोज.’’

त्या दिवशी चहा आला तेव्हा पेन टोपणात घातलं.
ग्लास दोन्ही हातांत धरला, तळापर्यंत.
आपला चहावाला आलं घालतो
हे मला बावीस वर्षांनी कळलं.

एवढंच. आणखी थोडं :
रात्री आठनंतर फोन तांदळाच्या डब्यात.
पोरानं विचारलं, ‘‘भिजला का गं?’’
म्हटलं, ‘‘मी भिजलीय. त्याला कोरड्यात ठेवलाय.’’
त्याला काही कळलं नाही. मलाही नीटसं नाही.
पण नऊ वाजता मी उगीच खिडकीत होते,
आणि समोरच्या पाटलांची म्हैस
किती सावकाश रवंथ करते ते बघत होते.

रविवारी हरिपूरला चालत,
स्कूटर असताना.
चिंचांखालनं, ऊन-सावली-ऊन.
घाटाच्या पायरीवर बसले. नवस नाही, प्रदक्षिणा नाही.
वारणा येऊन कृष्णेत शिरत होती,
कुठलं पाणी कुणाचं याची पट्टी कुणी लिहीत नव्हतं.
एका आजोबांनी विचारलं, ‘‘कुणाची वाट बघताय?’’
‘‘नाही.’’
जाताना त्यांनी परत विचारलं.
परत ‘‘नाही’’ म्हणताना मला हसू आलं.

मार्च आला आणि सगळं मोडलं.
तीन आठवडे चहा थंड, फोन उशाशी,
पायऱ्या कुठल्या, दुकानाचा उंबराही धड दिसला नाही.
एकतीस तारखेच्या रात्री मी चुकलेल्या दिवसांची यादी केली.
समोर दंडव्याज लावणार, एवढ्यात
माझंच मला ऐकू आलं.
पान फाडलं. मागच्या बाजूला
पोराच्या बुटांचं माप लिहून ठेवलं.

काल पुन्हा दंडाला पट्टा. एकशे अठ्ठेचाळीस.
‘‘काय घेताय?’’ ‘‘तुम्ही दिलेली गोळीच.’’
खोटं नव्हतं. पण सगळं सांगायचं म्हटलं तर
म्हशीपासून सुरुवात करावी लागली असती.

संध्याकाळी दुकानामागच्या मोरीवर हात धुतले.
एरवी दोन चुळा, एक शिंतोडा, की पळा.
आज पिवळं पाणी जाताना बघत राहिले,
फिकट होईस्तोवर, मग नितळ होईस्तोवर.
आतनं शेटजींची हाक आली.
‘‘आले,’’ म्हटलं,
आणि कानामागं परत एकदा साबण लावला.